अंगावर गोचीड सापडली तर काय करायचं, आणि मग ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचं

मागच्या हुरड्याला सोलापूर जिल्ह्यात मोहोळ गावाकडं शेतावर गेलो होतो, बांधावर बसून खाल्लं, वस्तीवरचं कुत्रं पोरांच्या अंगाखांद्यावर. आठ दिवसांनी चुलत भाऊ तापानं फणफणला. टायफॉईड म्हणून पाच दिवस औषध चाललं, फरक शून्य, मग तळपायाला लाल ठिपके दिसले तेव्हा दुसऱ्या डॉक्टरनी विचारलं, कुत्र्यात, जनावरात होता का? गोचीड ताप निघाला. पहिल्याला आम्ही हे सांगितलंच नव्हतं की ओ!

तर पहिलं काम, शेतातनं किंवा सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या जनावर बाजारातनं आलं की कपडे काढून अंग तपासायचं. काखेत, जांघेत, गुडघ्यामागं, कानामागं, बेंबीत, केसांत. पिल्लू गोचीड तिळाएवढी असते, तीळच समजून सोडून देतात लोक.

चिकटलेली दिसली तर रॉकेल, काडीचा चटका, तूप, चुना असलं काही नको, त्यानं ती जास्त लाळ सोडते आणि जंतू त्या लाळेतच असतात. भुवयांचा टोकदार चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिच्या तोंडापाशी धरा, सावकाश सरळ वर ओढा, पिळायचं नाही, पोट दाबायचं नाही. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर उकरत बसू नका. जागा साबणानं धुवा, मोबाईलमधे तिचा फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा, ही तारीख पुढं लय कामाला येते.

आता दोन आठवडे नजर ठेवायची. जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, आणि दोन-चार दिवसांनी मनगट-घोट्यापासनं सुरू होऊन तळहात-तळपायावर येणारे लाल ठिपके. तळव्यावरचे ठिपके दिसले तर थांबायचंच नाही. चावल्या जागी कधी कधी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, पण नसली म्हणून निर्धास्त होऊ नका. (स्क्रब टायफस नावाच्या दुसऱ्या तापातपण अशी खपली येते, तो मात्र गोचिडीनं नाही, माईट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लानं होतो.)

डॉक्टरकडं गेल्यावर तो विचारायची वाट न बघता सांगा, "अमुक तारखेला गोचीड चावली होती." कारण हा ताप रिकेट्सिया नावाच्या जंतूचा, डेंग्यूसारख्या प्लेटलेट यातपण कमी होतात, आणि रक्ताची टेस्ट पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा निगेटिव्हच येते. म्हणून डॉक्टर संशयावरच डॉक्सीसायक्लिन सुरू करतात, स्वस्त गोळी आहे, लहान मुलांनाही देतात, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. पेनिसिलीन किंवा टायफॉईडसाठी देतात ती 'सेफ'नं नाव सुरू होणारी (सेफिक्झिमसारखी) औषधं याच्यावर चालत नाहीत. पण मेडिकलमधनं आपल्या मनानं घेऊ नका, आणि बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा. उशीर झाला तर किडनी, फुफ्फुस, मेंदूपर्यंत जातं हे.

राहिलं कुत्रं. आमच्याकडं म्हातारी माणसं गोचीड काढून नखावर चिरडतात, तसं अजिबात करू नका, रक्तातले जंतू बोटाच्या चिरेतनं आत जातात. साबणाच्या पाण्यात टाकायची. कुत्र्याला औषध जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच, आणि झोपायच्या जागेजवळच्या भिंतीच्या फटी बुजवून घ्या, मादी तिथं हजारो अंडी घालते.