साठीनंतर गाइडसोबत डोंगरात पळायला जाताना

बॅग नंतर भरा, आधी सहलीचा तपशील मागवा. माहितीपत्रकात 'मध्यम' असं लिहिलेलं असतं, पण ते मध्यम कोणाच्या पायांनी ठरवलं ते कुठेच नसतं. रोजचे किलोमीटर, रोजची चढाई आणि रोजचा उतार असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. मग १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी घालून दिलेला हिशोब लावा: ताशी ५ किलोमीटर, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास. १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई म्हणजे साडेचार तास, विश्रांती वेगळी. हिशोब चालणाऱ्यांचा आहे, मान्य. पण चढ आपण चालतच जाणार, आणि सपाटीवर पळून वाचवलेला वेळ पाणी प्यायला नि बुटातले खडे काढायला जातो. तेव्हा तो फारसा चुकत नाही.

त्याच पत्रात गाइडला आणखी विचारा, किती जणांमागे एक गाइड असतो, सगळ्यात मागच्या माणसासोबत कोण राहतं, आणि एखादा दिवस न पळता सामानाच्या गाडीतून पुढच्या मुक्कामाला जाता येतं का. शेवटच्या प्रश्नाला 'बघू तेव्हा' असं उत्तर आलं, तर मी दुसरी सहल शोधेन.

आता सराव. चढाची भीती सगळ्यांना असते, पण साठीनंतर खरी परीक्षा उतार घेतो. चढावर दम लागला की थांबता येतं. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन अडवून धरतो, आणि त्यात त्याचे तंतू दुखावतात. हे दुखणं लगेच कळत नाही, साधारण एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. म्हणजे पहिल्या दिवशी तरुणांच्या मागे उड्या मारत उतरलात, तर बिल तिसऱ्या दिवशी येतं. दिलासा इतकाच, की मांड्यांना उताराचा एक चांगला मार आधी बसला असेल, तर पुढचे काही आठवडे तसाच मार कमी लागतो. म्हणून निघण्यापूर्वीचे दोन-अडीच महिने आठवड्यातून एकदा उतारावर पळा. पावलं छोटी आणि भरभर, गुडघा किंचित वाकलेला, अंग मागे न झुकवता. डोंगर नसेल तर उंच इमारतीचा जिना चालेल. लिफ्टने वर जा, पायांनी खाली या. लोक बरोबर उलटं करतात. शेवटचा जोराचा उतार निघण्याआधी दहा-बारा दिवस उरकून टाका, कारण या वयात स्नायू भरून यायला वेळ लागतो. अधूनमधून लागोपाठ दोन दिवस लांब पल्ला करून बघा. दुसऱ्या दिवशीचे पाय कसे वागतात ते कळायला हवं. रोज थोडा वेळ एका पायावर उभं राहण्याचा सरावही ठेवा.

चष्म्याचं फारसं कुणी सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग जवळचं वाचण्यासाठी असतो. उतारावर पायाकडे बघताना नजर नेमकी तिथूनच जाते आणि दगड धूसर दिसतो. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या, दोरीसकट, आणि तोच घालून सराव करा.

बूट अर्धा नंबर मोठे, महिनाभर वापरलेले. नखं दोन-तीन दिवस आधी कापलेली. पोल, म्हणजे डोंगरात टेकायच्या काठ्या, घ्याच, कमीपणा वाटून घेऊ नका. उतरताना ते गुडघ्यांवरचा भार थोडा कमी करतात आणि तोल जाताना तिसरा पाय होतात.

पाठीवरच्या पिशवीत जलरोधक जॅकेट, एक कोरडा गरम थर, टोपी, हातमोजे आणि चकाकणारं आपत्कालीन ब्लँकेट असू द्या, खाली कितीही ऊन असलं तरी. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि घामाने भिजलेलं म्हातारं अंग लवकर गारठतं. दुपारी संपणारा टप्पा असला तरी हेडलॅम्प घ्या. शिट्टीही घ्या: संकटाची खूण म्हणजे एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून घोट-घोट पाणी आणि सोबत क्षार चालू ठेवा. पण भीतीपोटी ढोसूही नका, अति पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या पळताना टाळा, घामाने सुकलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला जड जातात. मुक्काम ३,००० मीटरच्या वर असतील, तर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढत नाही ना, हे वेळापत्रकात तपासा.

डॉक्टरांकडे 'पळू का?' एवढंच विचारून परत येऊ नका. रोज इतके तास, इतकी चढाई, इतकी उंची असं सांगा आणि चालू गोळ्या समोर ठेवा. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणारी रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी, घेत असाल तर घड्याळातला नाडीचा आकडा फसवा ठरतो. दम किती लागतो, बोलता येतं का, यावरून वेग ठरवा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर पाण्याचं गणित विचारून घ्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही गंभीर धरावा लागतो, आणि हे गाइडला माहीत हवं. गटातून काढतील म्हणून लोक लपवतात. गाइडला त्यातलं काही ठाऊक नसेल, तर वेळ आल्यावर तो काय करणार?

विम्यात वयाची मर्यादा, जुने आजार आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका हे तीन मुद्दे शोधा. डोंगरातलं पळणं साहसी खेळात धरलं आहे का, तेही लेखी विचारा. औषधं दोन जागी विभागा, दोन-तीन दिवसांची जास्तीची. औषधांची नावं, रक्तगट, घरचा फोन आणि विम्याचा क्रमांक एका कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा, आणि पहिल्या सकाळी गाइडला तो कप्पा दाखवा.