ओपिऑइड रिसेप्टरचा अभ्यास: काउंट आले म्हणून फसू नका, या चुका टाळा

औषध मेंदूच्या ऊतीला चिकटलं म्हणजे रिसेप्टर (ज्या प्रथिनावर बसून औषध काम करतं ते) सापडला, असं नसतं. ओपिऑइड औषधं, म्हणजे मॉर्फिन आणि त्याच्या कुळातली, चरबीला चिकटतात, इतर प्रथिनांना चिकटतात, फिल्टर पेपरलाही चिकटतात. पण किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरवर आकडा (काउंट) दिसला की मुलं लगेच आलेख काढायला बसतात. सगळ्यात मोठी चूक हीच.

१९७३ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी ट्रिशियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) लावलेलं नॅलोक्झोन, म्हणजे मॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध, वापरून हा रिसेप्टर दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि उप्सालात लार्स टेरेनियस यांनीही तो स्वतंत्रपणे दाखवला. पर्ट-स्नायडर यांच्या निष्कर्षाला बळ मिळालं ते एका जोडीमुळे. लेव्हॉर्फॅनॉल आणि डेक्स्ट्रॉर्फन हे एकमेकांचे आरशातले रेणू. चरबीला दोन्ही सारखेच चिकटतात, पण ओपिऑइडसारखी वेदना शमवतं ते लेव्हॉर्फॅनॉलच. नॅलोक्झोनला जागेवरून हटवायला लेव्हॉर्फॅनॉल अगदी थोडं पुरलं, डेक्स्ट्रॉर्फन मात्र हजारो पट लागलं. म्हणून बिनलेबलचं (ट्रिशियम न लावलेलं) औषध भरपूर घातलेली एक ट्यूब आणि ऊती न घातलेली एक ट्यूब प्रत्येक प्रयोगात ठेवाच. त्या नसतील तर बाकीच्या ट्यूबमधून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट खास सोलापूरकरांसाठी. प्रोटोकॉलमधलं ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे साधारण २२ ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वीज गेली की एसी बंद पडतो आणि टेबलावरची बाटली बघता बघता कोमट होते. त्यामुळे इन्क्युबेशन (ऊती आणि औषध एकत्र ठेवणं) वॉटर बाथमध्येच करा. फिल्टर धुण्याचा बफर (ठरावीक आम्लतेचं द्रावण) तर बर्फातच हवा. तो गरम झाला की रिसेप्टरवर बसलेलं औषध धुताना सुटून जातं. आधी गाळलेल्या ट्यूबचे काउंट जास्त आणि शेवटच्यांचे कमी असा उतार दिसला, तर औषधाला किंवा ऊतीला दोष देण्याआधी बाटलीला हात लावून पाहा.

बफर बदलून आलेले निकाल एकमेकांशी ताडू नका. सोडियममुळे नॅलोक्झोनसारखे, रिसेप्टर अडवणारे अँटॅगोनिस्ट चांगले बसतात, मॉर्फिनसारख्या, रिसेप्टर चालू करणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचं बसणं मात्र कमी होतं. मेंदूचा भागही विचार करूनच निवडा. रॅटच्या सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) ओपिऑइड रिसेप्टर फारच कमी, तर गिनिपिगच्या सेरेबेलममध्ये प्रामुख्याने कप्पा प्रकारचे. म्यू, म्हणजे मॉर्फिन मुख्यतः ज्यावर काम करतं तो रिसेप्टर शोधायचा असेल तर स्ट्रायटम किंवा थॅलॅमस घ्या.

रेडिओअ‍ॅक्टिव्ह रसायन आणि मॉर्फिन, दोन्हींसाठी परवानग्या लागतात. त्यामुळे एम.फार्म.ची बरीच मुलं कॉम्प्युटरवर डॉकिंगच करतात, म्हणजे रेणू रिसेप्टरमध्ये कसा बसेल याचा अंदाज काढून त्याला स्कोअर देतात. त्यात काहीच कमीपणा नाही, पण तिथेही काळजी हवीच. ४डीकेएल (प्रोटीन डेटा बँकेतला क्रमांक) ही उंदराच्या म्यू रिसेप्टरची २०१२ची रचना अँटॅगोनिस्ट बसलेल्या, निष्क्रिय अवस्थेतली आहे. तिच्यात नवा अ‍ॅगोनिस्ट बसवून स्कोअर कमी आला म्हणून रेणू टाकून देणं हा त्या रेणूवर अन्याय आहे. अ‍ॅगोनिस्टसाठी २०१५ची सक्रिय अवस्थेतली ५सी१एम घ्या. डॉकिंगपूर्वी रेणूतल्या नायट्रोजनवर प्रोटॉन आहे ना, तेही तपासा. रिसेप्टरमधल्या १४७व्या अमिनो आम्लाशी, म्हणजे अ‍ॅस्पार्टेटशी होणारा बंध या धन प्रभारावरच अवलंबून असतो. प्रबंधात हा बंध दिसला नाही की मी सगळ्यात आधी हेच विचारते.

स्कोअर उत्तम आला तरी ‘वेदनाशामक सापडलं’ असं लिहू नका. जुलाबावर मेडिकलमधून आणतो ते लोपेरामाइड म्यू रिसेप्टरला घट्ट धरतं. तरी नेहमीच्या डोसमध्ये ते वेदना थांबवत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधलं पी-ग्लायकोप्रोटीन त्याला बाहेर ढकलत राहतं. तेव्हा स्कोअरच्या तक्त्यात रेणू मेंदूपर्यंत पोचेल का, याचाही एक रकाना ठेवा आणि तो रिकामा सोडू नका.