स्पार्क गॅप अचूक क्षणी फायर करणारा ट्रिगर जनरेटर कसा बनवावा

मोठा कपॅसिटर एका झटक्यात रिकामा करायला स्पार्क गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत ठिणगी पाडून चालू होणारा स्विच, वापरतात. ती हव्या त्या क्षणी फायर व्हावी म्हणून तिच्या ट्रिगर पिनेला उच्च व्होल्टेजची पल्स देतात. पल्स किती व्होल्टची हवी, हा प्रश्न सगळे विचारतात. ती किती वेळात चढते, हे मात्र त्याहून महत्त्वाचं आहे. गॅप दर वेळी नेमक्या त्याच व्होल्टेजला फुटत नाही, म्हणजे तिच्यात ठिणगी पडत नाही. ३००० व्होल्ट चढायला १०० नॅनोसेकंद लागले आणि फुटण्यात १५० व्होल्टचा फरक पडला, तर वेळ ५ नॅनोसेकंदांनी चुकते. तीच चढण २ नॅनोसेकंदांत झाली, तर या कारणाने येणारी चूक ०.१ नॅनोसेकंदावर येते.

यासाठी मार्क्स जनरेटरची रचना घ्या. एर्विन मार्क्स यांनी ती १९२४ मध्ये मांडली. कपॅसिटर समांतर भरायचे आणि एकसर जोडून रिकामे करायचे, एवढंच तिचं तत्त्व. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या काली-५००० या इलेक्ट्रॉन झोताच्या यंत्रातही पहिला टप्पा मार्क्सचाच आहे. आपल्या छोट्या जनरेटरमध्ये स्विच म्हणून ॲव्हलांच ट्रान्झिस्टर, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला एकदम फुटून प्रवाह सोडणारे, लावायचे. एफएमएमटी४१५ चांगला: कलेक्टर-बेस २६० व्होल्ट आणि २० नॅनोसेकंदांच्या पल्सला ६० अँपिअर.

आधी हिशेब. आठ टप्पे, प्रत्येकी २५० व्होल्ट, म्हणजे कागदावर २००० व्होल्ट. ५० ओहमच्या केबलमध्ये त्याचे ४० अँपिअर होतात, मर्यादेच्या आत. प्रत्येक टप्प्याला २.२ नॅनोफॅरड घेतले तर एकसर जोडणीत २७५ पिकोफॅरड उरतात, आणि पल्स साधारण १४ नॅनोसेकंदांत ओसरते. ट्रान्झिस्टरवरही काही व्होल्ट पडतात, म्हणून प्रत्यक्षात २००० मिळणार नाहीत. पण पिनेशी केबल उघडी असते, त्यामुळे गॅप फुटेपर्यंत तिथे व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होतं.

सिरॅमिक कपॅसिटर सीओजी प्रकारचेच घ्या. एक्स७आर प्रकारचे व्होल्टेज चढल्यावर आपली क्षमता गमावतात. चार्जिंगला ४७ किलोओहमचे रेझिस्टर चालतील. १२०६ या सरफेस-माउंट आकाराचा एक रेझिस्टर साधारण २०० व्होल्टचाच असतो, म्हणून प्रत्येक जागी दोन एकसर लावा. शेवटचा टप्पा भरायला लागणारा वेळ टप्प्यांच्या संख्येच्या वर्गाने वाढतो; सेकंदाला काही डझन पल्सवर समाधान माना.

खरी कसोटी पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, लागते. एक मिलिमीटर तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने एक नॅनोहेन्री. ४० अँपिअर २ नॅनोसेकंदांत चढवायचे तर फक्त १० नॅनोहेन्री २०० व्होल्ट खातात. म्हणून ट्रान्झिस्टर आणि कपॅसिटर एका सरळ ओळीत, एकमेकांना चिकटून बसवा आणि खाली अखंड ग्राउंड ठेवा. ट्रान्झिस्टर महागडे घेतले आणि प्रवाहाच्या वाटेचा लूप मोठा राहिला, तर पैसे पाण्यात.

पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला ट्रिगर द्या. बाकीच्यांचे बेस-एमिटर शॉर्ट करा, ते वाढत्या व्होल्टेजने आपोआप फुटतात. सप्लाय हळूहळू वाढवा. ट्रिगर नसताना आपोआप पल्स येऊ लागल्या की तिथून ५ ते ८ टक्के खाली या. फार खाली आलात तर दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याशीच साखळी थांबते आणि ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) खुजी, डळमळीत पल्स दिसते.

एका नॅनोसेकंदाची चढण पाहायला निदान ३५० मेगाहर्ट्झचा स्कोप लागतो. प्रोबची लांब ग्राउंड वायर इथे निरुपयोगी. ५० ओहमचे अटेन्युएटर (सिग्नल लहान करणारे भाग) लावून एकूण ६० डेसिबल घट करा, आणि पहिल्या अटेन्युएटरची पल्स-क्षमता तपासून घ्या.

जनरेटरमध्ये जेमतेम अर्धा मिलिज्यूल असतो. खरा धोका मुख्य कपॅसिटर बँकेचा, ती जीव घेऊ शकते. गॅप फुटली की बँकेचं व्होल्टेज केबलमधून उलट येतं, म्हणून मध्ये मुख्य व्होल्टेज सहज पेलणारा आयसोलेशन कपॅसिटर घाला आणि केबलवर फेराइट कोअर चढवा. हात घालण्याआधी सप्लाय बंद करून रेझिस्टर असलेल्या अर्थिंग रॉडने बँक डिस्चार्ज करा आणि काम संपेपर्यंत टर्मिनल तारेने शॉर्ट ठेवा, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडा चार्ज पुन्हा धरतो.