मिक्स टीमचं ॲप प्रोजेक्ट घेताय? आधी एवढं तयार ठेवा

समजा बचत गटाचा हिशोब ठेवणारं ॲप करायचंय आणि टीममध्ये कॉम्प्युटर, उपयोजित कला, कॉमर्स, सोशल वर्क असे सगळे आहेत, तर लॅपटॉप उघडायच्या आधी टाइमटेबलं समोर ठेवा. कॉमर्सवाल्यांचं कॉलेज सकाळी, कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल दुपारी, कलावाल्यांची सबमिशनं कधीही, त्यामुळे आठवड्यातले दोन तास सगळे कुठे भेटणार, रूमची किल्ली कोणाच्या सहीवर मिळणार, हे आधी ठरवा.

मग मार्क. एकाला प्रोजेक्टचे क्रेडिट आणि दुसरीला नुसतं सर्टिफिकेट असं असेल तर परीक्षा जवळ आली की दुसरी यायची बंद होते, आणि बरोबरच आहे तिचं. फील्ड प्रोजेक्ट किंवा ओजेटीमध्ये (ऑन जॉब ट्रेनिंग) बसवता येतं का ते प्रत्येकाच्या एचओडींकडून, म्हणजे विभागप्रमुखांकडून, मेलवर लेखी घ्या, तोंडी 'बघू' चालणार नाही. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी स्पर्धेला, पाठवायचं डोक्यात असेल तर टीम ६ जणांची लागते, किमान एक मुलगी हवी आणि सगळे एकाच कॉलेजचे, म्हणजे शेजारच्या कॉलेजमधला दोस्त चालत नाही.

कोण काय ठरवणार हेही लिहून ठेवा. कॉम्प्युटरवाला व्याजाचा फॉर्म्युला मनानेच टाकून मोकळा होतो. १०,००० च्या कर्जातले ५,००० फेडले, दर महिना २ टक्के, तर पुढचं व्याज २०० की १००? मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर, हे कॉमर्सवालीने गटाच्या अध्यक्ष ताईंना विचारून, त्यांच्या रजिस्टरच्या पानाशी ताडून आणायचं आणि मगच कोड लिहायचा. त्या पानाचा फोटो घ्यायचा तर परवानगीने, नावं झाकून. खऱ्या बायकांची नावं, आधार नंबर, कर्जाचे आकडे डमी डेटा म्हणून टाकायचे नाहीत म्हणजे नाहीत, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नाहीच.

स्क्रीनवर पहिल्यापासून खरं मराठी टाका. 'शिल्लक कर्जाचा हप्ता' बटणात मावत नाही, ओळींमधलं अंतर कमी असेल तर वेलांट्या कापल्या जातात, हे शेवटच्या आठवड्यात कळून उपयोग नाही. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट फुकट आहे. कोडमध्ये भाषा मराठी लावली की फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, डिझाईनवाली ज्यावर तासभर कुरकुरत असते ते कोडवाल्याचं एका ओळीचं काम असतं, फक्त दोघं एका टेबलाशी बसायला हवेत. फिकट राखाडी अक्षरं मात्र तिच्याकडूनच बदलून घ्या, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५:१, उन्हात ओट्यावर बसून वाचायचंय ते.

स्क्रीन डिझाईन करायचं फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट आहे पण विद्यार्थी असल्याचं व्हेरिफिकेशन प्रत्येकाने आधीच करायचं. कोड ठेवायचं गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही, जड सगळं गूगल ड्राइव्हवर.

टेस्टिंगची तारीख गटाच्या बैठकीवरून ठरते, सबमिशनवरून नाही. बैठक महिन्यातून एकदाच असेल तर चुकली की थेट पुढच्या महिन्यात. ५ जणी पुरतात, बहुतेक अडचणी तेवढ्यात दिसतात. सोशल वर्कवाल्यांना पुढे बसवा आणि कोडवाल्याला सांगून ठेवा की ताई अडकल्या तरी मध्ये बोट घालायचं नाही, गप्प बघायचं. एसटीचं तिकीट आणि चहाचे पैसे कोणत्या हेडमधून मिळणार ते अकाउंट सेक्शनला आधीच विचारा, आणि सगळी अकाउंटं डिपार्टमेंटच्या मेलवर काढा, नाहीतर मुलं पास होऊन गेली की पासवर्डही त्यांच्यासोबत गेला.