होड्या बांधून पीआर: हातातलं काम कागदावर कसं आणायचं

मी होड्या बांधते आणि दुरुस्त करते. बहुतेक लाकडी, अधूनमधून फायबरच्या. ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, मला याच कामावर मिळाला. तुमच्याही हातात असं एखादं कसब असेल, जे ऐकून लोक आधी "म्हणजे नक्की काय करता?" विचारतात, तर माझा अनुभव तुमच्या उपयोगी पडावा असं मनापासून वाटतं.

सुरुवात कोडपासून करा. इथली व्हिसाची यंत्रणा काम ओळखते ते सहा आकडी कोडने. बोट बिल्डर अँड रिपेअररचा कोड ३९९१११, त्याच्या शेजारचा ३९९११२ शिपराइटचा, म्हणजे जहाज बांधणाऱ्याचा. अँझ्स्को नावाच्या वर्गीकरणात प्रत्येक कोडखाली त्या कामाचं वर्णन असतं. ते वाचा, आणि तुम्ही रोज जे करता ते त्यात दिसतंय का ते बघा. मग तो कोड चालू यादीत आहे का आणि त्यावर कोणता व्हिसा मिळतो, हे गृहखात्याच्या संकेतस्थळावर तपासा. याद्या बदलतात. ओळखीच्या कुणाला दोन वर्षांपूर्वी काय जमलं, यावर विसंबू नका.

मला एका सल्लागाराने सांगितलं होतं, "होडीचं कशाला काढता, सुतार म्हणून अर्ज करा, सोपं जाईल." दोन रात्री मी त्यावर विचार केला. रंधा, पटाशी, वाकस ही सगळी सुताराचीच हत्यारं, मग काय बिघडलं? पण मी आयुष्यात घराचं छप्पर चढवलेलं नाही, दाराची चौकट बसवलेली नाही. तांत्रिक मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडले असते. शिवाय चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर तीन वर्षं बहुतेक व्हिसांचं दार बंद होतं. जे करता तेच सांगा. सल्लागार हवाच असेल तर त्याचा सात आकडी नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारी नोंदवहीत तो स्वतः शोधून बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कौशल्याचं मूल्यांकन. माझ्या कोडसाठी ते ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेकडे होतं. तिथला माणूस तुमचं काम बघायला येणार नाही, तो कागद बघणार. माझ्या पहिल्या मालकांनी मोठ्या प्रेमाने तीन ओळींचं पत्र दिलं होतं: ही आमच्याकडे लाकूडकामाला होती, प्रामाणिक आहे, मेहनती आहे. मी ते तसंच जोडलं आणि निकाल नकारार्थी आला. चूक माझीच. त्या पत्रात होडी हा शब्दसुद्धा नव्हता.

दुसऱ्या वेळी मी आठवडाभर वही घेऊन बसले आणि एकच काम पूर्ण लिहून काढलं: तळाची एक कुजलेली फळी बदलणं. जुनी फळी काढून तिचा साचा पातळ प्लायवर उतरवायचा. नवी फळी त्या मापाने कापून कडा तासायच्या. मग ती वाफेच्या पेटीत ठेवायची. आमचा हिशोब इंचाला एक तास, म्हणजे २२ मिलिमीटरच्या फळीला पाऊण तासाहून थोडं जास्त. बाहेर काढली की जेमतेम मिनिटभर ती ऐकते. तेवढ्यात दोघांनी हातमोजे घालून ती बरगड्यांवर वाकवायची आणि क्लॅम्प आवळायचे. थंड झाली की गिरमिटाने भोकं पाडून तांब्याचे रिव्हेट मारायचे, सांध्यात कापूस ठासायचा, वरून पुटी. हे लिहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी एका फळीत किती गोष्टी करते, आणि "लाकूडकाम" या एका शब्दात त्या सगळ्या बुडाल्या होत्या.

अशीच पाच-सहा कामं लिहून मालकांना दाखवली. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि लेटरहेडवर सही केली. पत्रात कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, हुद्दा, पगारी काम असल्याचा उल्लेख, वापरलेली यंत्रं आणि हत्यारं, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन हे सगळं हवं. पडताळणीचा फोन येऊ शकतो हे त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर कामाच्या गडबडीत "कोण? नंतर बोला" होतं.

पत्राला पैशाचा पुरावा लागतो. पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे, कराची कागदपत्रं. स्वतःचा धंदा असेल तर बिलं, साहित्याच्या खरेदीच्या पावत्या, ग्राहकांची पत्रं. मूल्यांकनाच्या अर्जाआधीच्या तीन वर्षांत किमान बारा महिने तुम्ही हेच काम केलेलं असावं लागतं, म्हणून "आधी पीआर, मग पुन्हा कामाला लागू" असं करू नका. आणि आजपासून फोटो काढायला लागा. नुसती झालेली होडी नको. अर्धवट काम, त्यात तुमचा चेहरा आणि तुमचे हात. माझ्याकडे पहिल्या चार वर्षांचा असा एकही फोटो नव्हता, याची हळहळ अजून वाटते.

मग पॉइंट्स, म्हणजे वय, भाषा, अनुभव यांचे व्हिसासाठी मोजले जाणारे गुण. किमान ६५ लागतात, पण नुसत्या ६५ वर व्हिसाचा अर्ज करायचं बोलावणं येईलच असं नाही. माझे असे झाले: वय २५ ते ३२ मध्ये म्हणून ३०, इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेच्या चारही भागांत ७ म्हणून १०, ट्रेडच्या मान्य प्रमाणपत्राचे १०, पाच वर्षांहून जास्त अनुभवाचे १०, एकटी असल्याचे १०. आणि मराठीचे ५! नाटी ही दुभाष्यांना मान्यता देणारी संस्था, तिची सीसीएल ही परीक्षा मराठीतही देता येते. दोन संवाद, प्रत्येक साधारण ३०० शब्दांचा, तुम्ही मधे बसून इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करायचं. ९० पैकी ६३ लागतात आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. घरात मराठी बोलतो म्हणून सहज होईल या भ्रमात राहू नका. भाडेकरार, विमा, दवाखाना, शाळा यांवरची वाक्यं एकदाच ऐकून आकड्यांसकट परत सांगायचा सराव करा. मी महिनाभर रोज अर्धा तास केला.

वयाचे पॉइंट बोलावणं येईल त्या दिवशीचे धरतात. तेहेतिसावा वाढदिवस झाला की ३० चे २५ होतात, तेव्हा मूल्यांकन लांबवू नका.

हे ७५ झाले. राज्याने किंवा टेरिटरीने ४९१ व्हिसासाठी शिफारस केली की आणखी १५ मिळतात. ४९१ पाच वर्षांचा असतो आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाहेर राहावं लागतं. मी टास्मानिया हे राज्य निवडलं, आणि ते पॉइंट्ससाठी नाही. ह्युऑन नदीकाठी फ्रँकलिनला लाकडी होड्या बांधायला शिकवणारं केंद्र आहे, होबार्टला दर दोन वर्षांनी लाकडी होड्यांचा महोत्सव भरतो. ह्युऑन पाइन हे लाकूड तिथलंच, तेलकट, कुजायचं नाव न घेणारं. त्याची पहिली फळी रंध्याखाली आली तेव्हा त्या वासाने मी क्षणभर काम थांबवलं होतं. राज्याला अर्जात "तुम्ही इथे का?" याचं उत्तर द्यावं लागतं. मी हेच लिहिलं, सोबत तिथल्या तीन यार्डांशी, म्हणजे होड्यांच्या कारखान्यांशी, झालेला पत्रव्यवहार जोडला. तुमच्या कामाची माणसं कुठे आहेत ते शोधा आणि त्या राज्याचे चालू नियम वाचा. राज्यागणिक ते वेगळे असतात.

बोलावणं आलं की अर्जाला ६० दिवस. पोलिसांचे दाखले, वैद्यकीय तपासणी, पाच हजार डॉलरच्या आसपास शुल्क. बोलावण्याची वाट न बघता कागद तयार ठेवा.

४९१ हा पीआर नव्हे. तीन वर्षांनी १९१ या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो, आणि त्याला तीन आर्थिक वर्षांच्या करखात्याच्या नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे कर ठरवल्याच्या नोटिसा, लागतात. छोट्या यार्डात "रोख घे, सोपं पडेल" असं म्हणणारे भेटतील. नको म्हणा, पगार बँकेतच घ्या. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. स्वतः भरणार असाल तर रिटर्न ३१ ऑक्टोबरच्या आत भरा आणि नोटीस आली की त्याच दिवशी फाइलला लावा.