रोजच्या वापराचा कप घडवताना

काय घडवावं हे सुचत नसेल, तर एकच कप वीस वेळा घडवा. हात तिथेच बसतो, आणि आपली म्हणावी अशी घडणही तिथेच सापडते.

एका कपाला साधारण ४०० ग्रॅम स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी माती, पुरते. ती नीट मळा; आत हवा राहिली तर घडवताना भिंत कमी-जास्त होते. भिंत ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. माती वाळून-भाजून १२ टक्के आटत असेल, तर ९ सेंटिमीटरच्या कपासाठी ओला कप १०.२ सेंटिमीटरचा करा.

खरी परीक्षा कानाची. कप आणि कान दोन्ही सारखेच ओलसर, ओल्या चामड्याइतके घट्ट झाल्यावरच जोडा. दोन्हीकडे ओरखडे काढा, पातळ चिखल लावा, दाबा. सुकत आलेल्या कपाला ओला कान लावला तर कान जास्त आटतो आणि सांधा तडकतो. जोडल्यावर दोन दिवस प्लॅस्टिकखाली ठेवा. इथली घाई सगळ्यात महाग पडते.

पूर्ण वाळल्यावर पहिली भाजणी सुमारे १००० अंश सेल्सिअसला. मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप. बुडाशी ३ मिलिमीटर पट्टा कोरा सोडा, नाहीतर कप भट्टीतल्या फळीला चिकटेल. दुसरी भाजणी माती आणि ग्लेझ दोन्हींना मानवेल त्याच तापमानाला. शिसं असलेलं ग्लेझ नकोच, कितीही देखणं असो.

मग महिनाभर त्याच कपातून प्या. कड ओठाला जाड लागते? कानात बोटं अडकतात? पुढच्या कपात तेवढीच एक गोष्ट बदला.