नववी-दहावीच्या पोरांना आजची कविता शिकवायची तर

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, 80 पैकी 16 गुण पद्याला, त्यातले 4 रसग्रहणाला, आणि या 4 गुणांच्या नादात आपण अख्ख्या कवितेची वाट लावतो. कविता एकदा वाचली की लगेच फळ्यावर भावार्थ, मग कवीचा परिचय, मग मध्यवर्ती कल्पना, पोरं खाली माना घालून उतरवून घेतात आणि गाईडातलं अन् सरांचं जुळतंय का तेवढं बघतात. मोरोपंताला हे एकवेळ चालतं, तिथं शब्दच अडतात, सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. आजच्या कवितेत मात्र शब्द बहुतेक ओळखीचेच असतात, अर्थ आपणच सांगून मोकळं झालो की पोरांना करायला काही उरतच नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच की पहिल्या तासाला अर्थ सांगायचाच नाही, कितीही जीभ वळवळली तरी.

पहिलं वाचन तुम्ही करा, सावकाश, हातवारे न करता. दुसरं एखाद्या पोराकडून करून घ्या, आणि कायम वक्तृत्वाच्या ढाली आणणारी पोरगीच उठवू नका, मागच्या बाकावरच्याला उठवा. तो अडखळला तर मध्ये टोकायचं नाही. मग "काय कळलं?" असं विचारलं की वर्ग चिडीचूप होतो, त्यापेक्षा "कुठं थांबावंसं वाटलं, कोणती ओळ खटकली?" असं विचारा. खटकली म्हणायला कुणाला भ्या वाटत नाही.

आता मुक्तछंदाचं. "सर, यमक नाही मग ही कविता कशी?" हे कुणीतरी विचारणारच आणि प्रश्न रास्त आहे. इथं व्याख्या सांगत बसू नका, फळ्यावर एक साधं वाक्य लिहा, समजा: बापानं कोयता भिंतीला टेकवला आणि पहिल्यांदा खाली बसला. आता हे चार ओळींत तोडा म्हणावं. बहुतेक जण असं तोडतात:

बापानं कोयता
भिंतीला टेकवला
आणि पहिल्यांदा
खाली बसला

एखादी पोरगी 'पहिल्यांदा' एकट्यालाच ओळीवर ठेवते. मग भांडण लागतं, लागू द्या. एक म्हणतो त्यानं बाप दिवसभर उभा होता हे कळतं, दुसरा म्हणतो उगं नाटक वाटायलंय, तिसरा म्हणतो 'बसला' एकटाच शेवटी पाहिजे. ओळ कुठं तोडायची हे कवी का ठरवतो ते या पंधरा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं गाईडाच्या पानभर मजकुरातनं कळत नाही. नंतर पुस्तकातली मुक्तछंदातली कविता सलग परिच्छेद करून लिहून द्या, पुस्तकं मिटवून पोरांना तोडू द्या, मग पुस्तक उघडून ताळा करायचा.

दहावीच्या 'कुमारभारती' या मराठीच्या पुस्तकात द. भा. धामणस्करांची 'वस्तू' ही कविता आहे, तिच्यासाठी तर वेगळी तयारीच लागत नाही. आदल्या दिवशी सांगा, घरात वापरात नसलेली पण कुणी टाकू देत नाही अशी एखादी वस्तू आणा, जड असली तर नुसती बघून या. पितळी तांब्या येतो, कंदील येतो, आजोबाचा बंद पडलेला रेडिओ, फुटक्या काचेचा मोबाईल, एखादा सांगतो की तिफण आडव्या दांडीवर टांगलेली आहे, ट्रॅक्टर आल्यापासून. ती का टाकत नाहीत हे दोन-चार ओळींत लिहायचं आणि मग कविता वाचायची. वस्तूंना जीव असल्यासारखं वागवा, त्यांचा निरोपही कृतज्ञतेनं घ्या, हे कवीच्या आधी अर्ध्या वर्गानं लिहिलेलं असतं.

पुस्तकाबाहेरचं थोडं आणायचं तर लांब जायची गरज नाही. ना. धों. महानोर आपल्या मराठवाड्यातल्या पळसखेडचे, स्वतः शेती करायचे, त्यांचा 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 चा. परभणीचे इंद्रजित भालेराव स्वतः कविता म्हणतात ते यूट्यूबवर सापडतं, शाळेच्या प्रोजेक्टरला लावा, नसेल तर मोबाईलचा आवाज वाढवून खिडकीत ठेवा. पोरं पहिल्यांदा हसतात, कारण घरी माय बोलते तसं कुणीतरी माईकवर म्हणायलंय. हसू द्या, हसून झालं की कान देतात. संभाजीनगरच्या दासू वैद्यांच्या कविता शहरी पोरांना जवळच्या वाटतात. आणि पोरगा म्हणाला जनाबाई जुनी आहे तर त्याला सांगा, दळण-कांडणावर बोलणारी ती गंगाखेडचीच, आजीला विचार जात्यावरच्या ओव्या येतात का, आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून आण. व्हॉट्सॲपचा असा उपयोग झालेला पालकांनाही आवडतो.

लिहायला लावताना पहिल्या खर्ड्यात 'लई', 'काहून', 'करायलाय' असलं काही आलं तर लाल पेन उचलायचा नाही. शुद्धलेखन उपयोजित लेखनात (पत्र, बातमी वगैरे) तपासा की, तिथं 24 गुण आहेत.

एक गोष्ट मात्र जपून. बीडकडच्या शाळांत तर हमखास, अर्ध्या वर्गाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात, काही घरांत कर्जापायी भलतंसलतं घडून गेलेलं असतं. शेतकऱ्यावरची कविता घेतली की सगळ्यांनी त्या एकाच पोराकडं वळून बघायचं, हे होऊ देऊ नका. "तुझ्या घरी काय झालं ते लिही" असं कधीच म्हणायचं नाही, झाडाबद्दल, बैलाबद्दल, एसटी स्टँडबद्दल लिही म्हणायचं, त्याला सांगायचं असेल तर तो त्यातनं सांगेलच. आणि ते वर्गात वाचायचं का नाही हे त्यालाच विचारायचं, बाजूला घेऊन.

रसग्रहण दुसऱ्या-तिसऱ्या तासाला. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं हे तीन मथळे फळ्यावर लिहा आणि पोरं आधी जे बोलली तेच त्यात घालायला लावा. ओळ का खटकली ते काव्यसौंदर्यात जातं, 'बसला' एकटा का ठेवला ते भाषिक वैशिष्ट्यांत. उत्तरं सगळ्यांची सारखी येणार नाहीत, तपासायला वेळ जास्त लागतो, त्याला इलाज नाही. सराव परीक्षेच्या आधी एकदा कवीचं नाव, कवितेचा विषय, आवडण्याची कारणं एवढं मात्र पाठ करून घ्या, तिथं उगं प्रयोग नकोत.